मोटरसायकलला जीपीएस जोडताना : बॅटरीपासून हँडलपर्यंतची वायर



मागच्या भागात आपण बॅटरीबद्दल बोललो. ती चार्ज कशी होते, थंडीत तिची ताकद का कमी होते, पाणी कोणत्या बॅटरीत घालायचं आणि कोणत्या बॅटरीला हातही लावायचा नाही, हे सगळं पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच होता : "सर, गाडीला जीपीएस लावायचाय, करंट कुठून घेऊ?" आजचा भाग याच प्रश्नावर आहे.

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जो रस्ता जातो तो कोपर्निकस मार्ग. दूरदर्शन भवन, कमानी सभागृह आणि आपलं जुनं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. जून ते सप्टेंबर या दिवसांत पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून लडाखला निघालेली मुलं-मुली या भागात हमखास दिसतात. कोणी गाडी चालवत आणलेली असते, कोणी रेल्वेनं पार्सल केलेली असते. दिल्लीत एक-दोन दिवस मुक्काम, करोल बागेत एक चक्कर, आणि तिथे एका संध्याकाळीत मोबाइलचा चार्जर, जीपीएस, धुक्याचे दिवे सगळं गाडीवर चढतं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं असतं, त्यामुळे मिस्त्रीलाही घाई आणि पोरांनाही.

माझी नोकरी लष्कराच्या ईएमईत, म्हणजे गाड्या आणि यंत्रं चालती ठेवणाऱ्या खात्यात गेली. त्यामुळे अशी मुलं भेटली की मी म्हणतो, जरा सीट उघडून दाखवा. बहुतेक वेळा जे दिसतं ते असं : बॅटरीच्या पॉझिटिव्हला गुंडाळलेली एक बारीक लाल वायर, तिला फ्यूज नाही, वाटेत दोन जागी पिळून जोडलेली आणि वरून काळी टेप.

जीपीएस बंद पडला तर विचारत विचारत लेहला पोचता येतं. पण त्याच्या वायरीनं रात्रीत बॅटरी उतरवली, मागचा दिवा बंद पाडला किंवा टाकीखाली शॉर्ट केलं, तर प्रश्न जीपीएसपुरता राहत नाही. तांदीच्या पेट्रोल पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी सगळ्यांनी फोटोत पाहिली आहे. त्या पट्ट्यात मिस्त्रीही सहज मिळत नाही. म्हणून हे काम एकदाच आणि नीट करायचं.

आधी ठरवा : दाखवणारा की माग ठेवणारा

जीपीएस म्हणून बाजारात दोन वेगळ्या वस्तू मिळतात.

पहिली वस्तू हँडलवर बसते आणि रस्ता दाखवते. तो खास मोटरसायकलचा नेव्हिगेटर असेल किंवा तुमचा मोबाइल आणि त्याला करंट देणारा यूएसबी चार्जर असेल. याला गाडी चालू असतानाच करंट हवा. चावी काढली की त्याचाही करंट तुटला पाहिजे.

दुसरी वस्तू म्हणजे ट्रॅकर. तो सीटखाली लपवतात आणि गाडी कुठे आहे ते तो मालकाच्या मोबाइलवर कळवतो. त्याला चोवीस तास करंट लागतो, कारण चोर चावी लावून येत नाही. ट्रॅकरला साधारण तीन वायरी असतात : कायमचा पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, आणि चावी चालू आहे की नाही हे ओळखणारी तिसरी. काही ट्रॅकरना इंजिन बंद पाडणारी चौथी वायरही असते. मोटरसायकलवर ती जोडू नका. चालत्या गाडीचं इंजिन दूरवरून किंवा बिघाडानं बंद पडणं हे चोरीपेक्षा महागात जातं.

आधी नेव्हिगेटरची जोडणी सविस्तर पाहू, ट्रॅकरचा हिशोब नंतर.

हिशोब : करंट किती लागतो

चार्जर ५ व्होल्टला २ ॲम्पिअर देतो असं धरा. म्हणजे १० वॅट. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना थोडी शक्ती उष्णतेत जाते, म्हणून बॅटरीकडून १२ वॅट धरू. १२ वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १ ॲम्पिअर. एच-४ हेडलाइटचा बल्ब ५५ ते ६० वॅटचा असतो. म्हणजे जीपीएस हेडलाइटच्या पाचव्या हिश्शाएवढं खातो. चालू गाडीला हा भार काहीच नाही.

मग एवढी काळजी कशाला? जीपीएसला १ ॲम्पिअर लागतो, पण बॅटरी किती देऊ शकते ते पाहा. सेल्फ मारताना तीच ८ ॲम्पिअर-तासाची छोटी बॅटरी काही क्षण शंभर ॲम्पिअरच्या आसपास देते. तुमची बारीक वायर घासून तिचं तांब फ्रेमला लागलं, तर बॅटरी तोच जोर त्या वायरीत ओतते. वायर क्षणात लाल होते, तिचं प्लास्टिक वितळतं आणि शेजारच्या वायरीही उघड्या पडतात. हे सगळं कुठे होतं? टाकीखाली.

फ्यूज : कोणासाठी आणि कुठे

फ्यूज जीपीएसला वाचवण्यासाठी असतो असा बहुतेकांचा समज आहे. फ्यूज वायरीला वाचवतो. ही गोष्ट लक्षात आली की तो कुठे लावायचा हे आपोआप कळतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक वीत अंतराच्या आत. फ्यूज हँडलजवळ लावला तर बॅटरी ते हँडल ही दीड-दोन मीटर वायर उघड्यावर राहते, आणि घासण्याची शक्यता तिथेच जास्त.

१ ॲम्पिअरच्या भाराला २ किंवा ३ ॲम्पिअरचा फ्यूज पुरे. होल्डर झाकणाचा, पाणी न जाणारा घ्या. त्याच आकाराचे दोन फ्यूज सीटखाली टेपनं चिकटवून ठेवा. फ्यूज उडाला तर कारण शोधा आणि मगच दुसरा लावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची किंवा १५ ॲम्पिअरचा फ्यूज ठोकायचा हा देशी उपाय म्हणजे फ्यूज काढून टाकण्यासारखंच आहे.

करंट कुठून घ्यायचा

पहिली जागा : कंपनीनं दिलेला कपलर. हल्लीच्या काही गाड्यांत हेडलाइटच्या मागे किंवा सीटखाली जादा वस्तूंसाठी एक मोकळा कपलर असतो. गाडीच्या पुस्तकात त्याचा उल्लेख आणि किती ॲम्पिअर घेता येतात ते दिलेलं असतं. असेल तर तोच वापरा. मूळ वायरिंग कापावं लागत नाही आणि वॉरंटीचा वाद होत नाही.

दुसरी जागा : मागच्या दिव्याची किंवा पार्किंगच्या दिव्याची वायर. मिस्त्री बहुधा हीच निवडतो, कारण चावी फिरवली की तिथे करंट येतो आणि काम पाच मिनिटांत होतं. अडचण अशी की आता जीपीएस आणि मागचा दिवा एकाच फ्यूजवर आले. साताऱ्याकडच्या एका तरुणाच्या गाडीत असंच जोडलेलं होतं. मनालीच्या अलीकडे पावसात चार्जरमध्ये पाणी गेलं, फ्यूज उडाला, आणि मागचा दिवा व ब्रेकचा दिवा दोन्ही गेले. अंधार, घाट, मागून ट्रक. मित्राची गाडी मागे ठेवून त्यांनी उरलेला रस्ता काढला. छोट्या गाड्यांत तर अनेकदा सगळ्यांसाठी एकच मुख्य फ्यूज असतो. तिथे जीपीएसच्या शॉर्टनं गाडीच बंद पडू शकते.

तिसरी जागा, आणि मी सुचवतो ती : बॅटरीवरून स्वतंत्र वायर, फ्यूज आणि रिले. रिले म्हणजे करंटनं चालणारं बटण. त्यावर आकडे छापलेले असतात, ते सगळीकडे सारखेच :

३० : बॅटरीचा पॉझिटिव्ह, फ्यूजमधून आलेला.
८७ : जीपीएस किंवा चार्जरकडे जाणारा.
८६ : मागच्या दिव्याच्या वायरीवरून आलेला इशारा.
८५ : निगेटिव्ह.

चावी फिरवली की ८६ ला करंट मिळतो, आतली कॉइल ओढली जाते आणि ३० व ८७ जोडले जातात. मागच्या दिव्याच्या वायरीवर फक्त कॉइलचा भार पडतो, साधारण ०.१५ ॲम्पिअर. जीपीएस आणि त्याची वायर शॉर्ट झाली तर त्यांचा स्वतःचा फ्यूज उडतो, मागचा दिवा जळत राहतो. इशाऱ्याच्या वायरीलाही सुरुवातीलाच १ ॲम्पिअरचा फ्यूज लावला की त्या बाजूनंही सुरक्षित. पुढे धुक्याचे दिवे लावायचे असतील तर त्यांना वेगळा फ्यूज आणि वेगळा रिले द्या.

आता जिथून करंट घ्यायचा नाही त्या जागा. इंधन पंप, इंजेक्टर, ईसीयू, एबीएस आणि कोणत्याही सेन्सरची वायर. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्या कार्बोरेटर सोडून इंजेक्शनवर गेल्या. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएसही सक्तीचं झालं. या वायरींत व्होल्ट थोडे जरी हलले तरी ईसीयूला चुकीची माहिती जाते. रंग बघून अंदाज करू नका. वायरिंगचा नकाशा मिळवा किंवा त्या वायरीपासून लांब राहा.

जुन्या गाड्यांसाठी आणखी एक सूचना. पूर्वीच्या अनेक रोजच्या वापराच्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालत नसे, थेट मॅग्नेटच्या एसी करंटवर चालत असे. ओळखायची खूण सोपी आहे : रेस दिली की प्रकाश वाढतो, सोडली की मंदावतो. अशा हेडलाइटच्या वायरीवर जीपीएस किंवा चार्जर कधीच जोडू नका, तो जळेल.

१२ व्होल्ट हे फक्त नाव

भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. सेल्फ मारताना क्षणभर १० किंवा त्याहूनही खाली. म्हणून चार्जर असा घ्या की जो ९ पासून किमान १८ व्होल्टपर्यंत सहन करतो. ट्रकलाही चालणारे ९ ते ३६ व्होल्टचे मिळतात, ते उत्तम. सेल्फ मारताना नेव्हिगेटर एकदा बंद होऊन पुन्हा चालू झाला तर घाबरू नका. आधी गाडी चालू करा, मग जीपीएस.

मोबाइल वापरणाऱ्यांसाठी : इंजिनाच्या सततच्या थरथरीनं कॅमेऱ्याची बारीक यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. थरथर शोषणारा माउंट घ्या, किंवा जुना मोबाइल फक्त नकाशासाठी ठेवा.

वायर, जोड आणि वाट

१ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला ०.०१७ ओहम. जाऊन-येऊन ४ मीटर धरली तरी ०.०७ ओहम. १ ॲम्पिअरला ०.०७ व्होल्ट पडतात, म्हणजे नगण्य. करंटसाठी अर्धा चौरस मिलिमीटरही चालेल. तरी मी ०.७५ किंवा १ घ्या म्हणतो, कारण मोटरसायकलवर वायर करंटनं कमी आणि थरथरीनं जास्त तुटते. बारीक तारांची गाडीची वायरच घ्या. घरातल्या फिटिंगची एका जाड तारेची वायर काही शे किलोमीटरांत तुटू शकते.

जोडासाठी थिंबल आणि ते दाबायची पक्कड वापरा, वर हीट श्रिंक नळी चढवा. डाग दिला तर डागाच्या कडेला वायर कडक होते आणि थरथरीनं तिथेच तुटते, म्हणून तो जोड बांधून आधार द्या. नुसती पिळून टेप लावलेली वायर उन्हात सुटते, कारण टेपचा गोंद वितळतो.

निगेटिव्ह वायर फ्रेमच्या रंगवलेल्या बोल्टला लावू नका. पॉझिटिव्हच्या जोडीनं थेट बॅटरीपर्यंत आणा.

वायरीची वाट कंपनीच्या मूळ वायरिंगच्या कडेकडेनं न्या. सायलेन्सर आणि इंजिनाच्या फिन्सपासून लांब. टाकीच्या कडेखाली दाबली जाणार नाही याची खात्री करा. हँडलच्या मानेपाशी थोडी ढील ठेवा. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा : वायर ताणली जाता कामा नये आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला अडता कामा नये.

बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. कारण निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना फ्रेमला लागला की थेट शॉर्ट. निगेटिव्ह आधीच सुटलेला असेल तर काहीच होत नाही.

ट्रॅकरचा हिशोब

ट्रॅकर सरासरी ३० मिलिॲम्पिअर खातो असं धरा. दिवसाला ०.७२ ॲम्पिअर-तास. ८ ची बॅटरी साडेपाच दिवसांत निम्मी. ४ ची असेल तर तीन दिवसही नाहीत. तोच ट्रॅकर गाडी उभी असताना झोपत असेल आणि ५ मिलिॲम्पिअर घेत असेल, तर ८ च्या बॅटरीला निम्मं व्हायला महिना लागतो. म्हणून ट्रॅकर घेताना किमतीआधी विचारा : झोपेत किती करंट घेतो? सार्वजनिक प्रवासी वाहनांना सरकारनं ट्रॅकर सक्तीचा केला, त्यातून दुचाकी वगळल्या आहेत. पण मोठ्या गाड्यांच्या मोठ्या बॅटरीसाठी केलेले ट्रॅकर दुचाकीवालाही स्वस्त म्हणून उचलतो, आणि गडबड तिथे होते.

रेल्वेनं गाडी पाठवणाऱ्यांनी हे खास ऐका. पार्सलच्या डब्यात पत्र्याच्या आत उपग्रह दिसत नाहीत, मोबाइलचा टॉवर धड मिळत नाही, आणि डबा हलत असल्यामुळे ट्रॅकर झोपतही नाही. तो सतत शोधत राहतो आणि जास्त करंट खातो. पेट्रोलची टाकी रिकामी करता, तेव्हाच ट्रॅकरचा फ्यूजही काढून खिशात ठेवा. नाहीतर दिल्लीला पार्सल ऑफिसच्या दारात गाडी उतरते आणि सेल्फ नुसता कट-कट करतो. इंजेक्शनच्या गाडीला बॅटरी पूर्ण उतरली तर ढकलूनही उपयोग होत नाही, कारण इंधन पंपालाच करंट लागतो.

सिग्नल का जातो

कधी वायरिंग बरोबर असतं तरी चार्जर लावला की जीपीएस भरकटतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण होतो. स्वस्त चार्जर किंवा स्वस्त एलईडी दिवा शेजारीच विजेचा गोंगाट करत असेल तर तो सिग्नल बुडतो. चार्जर लावून आणि काढून किती उपग्रह दिसतात ते मोजा. फरक मोठा असेल तर चार्जर बदला किंवा तो सीटखाली नेऊन फक्त यूएसबीची वायर हँडलपर्यंत आणा. जुन्या बुलेटवाल्यांनी रेझिस्टरचा स्पार्क प्लग लावून बघावा.

जाता जाता एक माहिती. १९९९ मध्ये, कारगिलच्या वेळी, अमेरिका नागरी जीपीएसचा सिग्नल मुद्दाम बिघडवून देत असे आणि चूक शंभर मीटरपर्यंत जाई. मे २००० मध्ये त्यांनी ते बंद केलं. आपल्या इस्रोनं 'नाविक'च्या मालिकेतला सातवा उपग्रह एप्रिल २०१६ मध्ये सोडला. नवा रिसीव्हर घेताना तो 'नाविक'ही पकडतो का ते जरूर पाहा.

निघण्याआधीची तपासणी

१. चावी बंद. मल्टिमीटर बॅटरीचा निगेटिव्ह आणि त्याची वायर यांच्यामध्ये, १० ॲम्पिअरच्या जागेवर ठेवून लावा. ट्रॅकर असेल तर तो झोपेपर्यंत पंधरा मिनिटं थांबा. आकडा अगदी लहान आला की मिलिॲम्पिअरच्या जागेवर घ्या. नेव्हिगेटरचं सर्किट शून्य असायला हवं. मीटर असा लावलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचाच फ्यूज उडेल.
२. मीटर काढा, बॅटरी जोडा, इंजिन चालू करा. चार्जरच्या टोकाला आणि बॅटरीवर व्होल्ट मोजा. फरक पाव व्होल्टपेक्षा जास्त असेल तर एखादा जोड कच्चा आहे.
३. जीपीएसचा फ्यूज मुद्दाम काढा. मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, हॉर्न, इंडिकेटर सगळं चाललं पाहिजे.
४. हँडल दोन्ही टोकांना फिरवा. जीपीएस एकदाही मिटता कामा नये.
५. दहा किलोमीटर खराब रस्त्यावर फिरून या. फ्यूजचा होल्डर आणि रिले हातानं बघा. होल्डर कोमटही नको, रिले किंचित कोमट चालेल.

तिसरी तपासणी बहुतेक लोक करत नाहीत. सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

आणि एक कायद्याची गोष्ट. साधा जीपीएस रिसीव्हर वापरायला काही अडचण नाही. पण उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आणि सॅटेलाइट फोन आपल्या देशात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकानं भेट दिलेलं असलं तरी नाही. ते घरीच ठेवा. लडाखचा नकाशा दिल्लीतच मोबाइलमध्ये उतरवून घ्या, कारण जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशाला लागतं.

करोल बागेतल्या मिस्त्रीला एवढंच सांगा : फ्यूज बॅटरीजवळ, रिले वेगळा, मागच्या दिव्यावर भार नको. चांगला मिस्त्री लगेच ओळखतो की समोरच्याला काम कळतं. त्याला एक तास जास्त लागेल, थोडे पैसेही जास्त पडतील. ते द्या, आणि काम चालू असताना शेजारी उभे राहा.

पुढच्या भागात धुक्याचे दिवे : किती वॅटचे, किती उंचीवर, आणि समोरच्याच्या डोळ्यांत न जाता. तोवर सांभाळून चालवा. जय हिंद.